दोन हजारापाशी

मानकापूरच्या उड्डाणपुलावर चढताना पाय दाबला
आणि गाडी थांबली नाही,
थांबली असती तर निदान कळलं असतं.
तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं फक्त.
काटा दोन हजारापाशी लटपटला,
मागून कोळशाचा ट्रक भोंगा देत आला,
आणि मग एकाएकी, काही आठवल्यासारखी,
मान मागे आपटेल इतकी ओढ.

सोळा वर्षांची टर्बो डिझेल.
वर्धा रोडवरच्या काचेच्या शोरूममध्ये
पोरानं संगणक लावला.
एकही कोड नाही सर, गाडी निर्दोष.
मग तोच म्हणाला, टर्बो बदलून टाका,
ऐंशी हजार.
मी विचारणार होतो, कोड नाही तर का?
'क'वर अडलो.
त्यानं माझं वाक्य पूर्ण केलं:
"कार्डनं द्यायचे?"

सवय आहे मला.
बँकेत, मेडिकलच्या काउंटरवर, नववी ब च्या वर्गात
प्रत्येकाला वाटतं
माझा पुढचा शब्द त्याच्याच खिशात आहे.

गोळीबार चौकाच्या मागे परात्यांचं गॅरेज.
जिथं ते गाडीचं पोट पाहायला उतरतात
तो खड्डा त्यांच्या वडिलांच्या मागाचा,
पाय सोडून लुगडं विणायचा,
खणून वाढवलेला.
"काय होऊन राह्यलं?"
मी सुरू केलं, चढावर पाय दा, दा,
ते थांबले.
हातातला पान्हा हातातच.
कूलरच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं,
शेजारच्या पंक्चरवाल्याचा रेडिओ बातम्या देत होता,
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही,
दुसरीकडेही पाहिलं नाही.
दाबला की.
"हाव," ते म्हणाले, "सकाळी बरी राह्यते
अन् तापली का अटकते?"

पहिल्या दिवशी एअर फिल्टर उन्हात धरला,
हवा मोजणारा सेन्सर धुऊन वाळवला.
हे नाही.
डिझेलचा फिल्टर. हे नाही.
पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडून
इंटरकूलरच्या पाइपांना साबणाचं पाणी चोपडलं,
दोघं वाकून पाहत राहिलो,
एक बुडबुडा नाही.
"हे बी नाही," जरा खुशीतच म्हणाले,
जसं काही प्रत्येक नाहीबरोबर
गाडी त्यांच्याशी थोडी जास्त बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बोलावलं, मुद्दाम.
एप्रिलचं त्रेचाळीस.
कामठी रोडनं दोन चकरा,
परत आलो तर बॉनेटला हात लावता येईना.
"बंद नका करू."
डोळे मिटले आणि इंजिनच्या मागच्या अंधारात
बोटं घातली.
बाप तुटलेला धागा डोळ्यानं नाही शोधायचा, म्हणाले,
आणि पुढे बोलायचे थांबले.

पेन्सिलीहून बारीक रबरी नळी.
गार असताना चीर मिटलेली,
तापली की ओठ उघडणारी,
आत एवढासा सुस्कारा.
"टर्बो चांगला हाये.
त्याले हुकूमच उशिरा पोचत होता."

नळी साठ रुपये. मजुरी तीनशे,
तीही दोनदा विचारल्यावर.
जुना तुकडा मी मागून घेतला.

परतताना मानकापूरचा पूल.
काटा दोन हजार ओलांडून सरळ गेला
आणि जिथं ती अडायची
तिथं मीच उगाच श्वास धरून बसलो.

सोमवारी, सकाळच्या शाळेत, काटकोन त्रिकोण.
काटकोनासमोरच्या बाजूला म्हणतात
क
क
पहिल्या बाकावरच्या सोनकुसरेचे ओठ हलायला लागले.
खिशातल्या हातात रबराचा तुकडा होता.
मी दुसरा हात वर केला.
सगळे थांबले,
वर पंखा एक पातं घासत फिरत होता,
आणि शब्द
अजून यायचा होता.